चोवीस तासांचा कॅन

कॅनमध्ये सहाशे चाळीस मिलिलिटर लघवी होती. सुरभीने डोळे पातळीच्या रेषेत आणून खूण दोनदा वाचली. वहीत आईच्या, देवकाबाईच्या नावापुढे चार वेळा होत्या: सकाळी सात, संध्याकाळी साडेसहा, रात्री दहा, पहाटे साडेपाच. पहिल्या दोन वेळांमध्ये साडेअकरा तासांचं अंतर होतं.

"दिवसभर एकदाही नाही?"

"पाणीच नाई पेली तं कुठून येईन?" देवकाबाई म्हणाली.

वर्ध्याच्या दवाखान्यातून रिपोर्ट आला. देवकाबाईच्या दोन्ही किडन्या मिळून मिनिटाला एकोणतीस मिलिलिटर रक्त साफ करत होत्या. किडनी द्यायची तर निदान ऐंशी हवेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण लघवी कमी भरलेली दिसते, पुन्हा करा, असंही ते म्हणाले.

धाकटा भाऊ रजत दोन वर्षांपासून आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जात होता. त्याचा रक्तगट ओ, त्याला ओचीच किडनी चालणार होती. सुरभीचा आणि वडिलांचा, अण्णाजींचा बी, शिवाय अण्णाजींना साखर. उरली होती फक्त आई, तिचाही ओ.

परतीच्या एसटीत हिंगणघाट मागे पडल्यावर देवकाबाई खिडकीकडे बघत म्हणाली, "दोनदा वावरातच गेलती मी. तुरीत. दुपारी तीनच्या आत."

"काऊन सांगितलं नाही?"

"भेंडी तोडाले सात बाया होत्या. त्यांच्यासमोर कॅन घेऊन जाऊ? तीस वर्षं झाली, दुपारपावतर मी पाणीच पीत नाई. आडोसा पाह्यत फिरावं लागते."

सुरभीला राग यायला हवा होता. तिला हायसं वाटलं. आई खोटं बोलली होती, म्हणजे आकडाही खोटा होता.

वडनेरला उतरेपर्यंत ती मनात गुणाकार करत होती. ज्यावरून किडनीचं काम मोजतात ते क्रिएटिनिन स्नायूंत तयार होतं, दिवसरात्र जवळजवळ एकाच वेगाने, आणि किडन्या ते तसंच गाळत राहतात. सात ते तीन, आठ तासांचं वाया गेलं, सोळा तासांचं कॅनमध्ये आलं. एकोणतीसची दीडपट साडेत्रेचाळीस होत होती, ऐंशीच्या जवळपासही नाही. तिने पुन्हा मांडून पाहिलं. उत्तर तेच आलं. घरी तिने कुणाला काही सांगितलं नाही.

रजत ओट्यावर पाय वर करून बसला होता. त्याच्या घोट्यावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा.

"आई, तुह्या मुतावर माही जिंदगी अटकली म्हणते," तो म्हणाला.

"मंग सांडू देत नाई आता," देवकाबाई म्हणाली. "मले दोन हायेत. एक तुह्यीच हाये."

सुरभी हातपाय धुवायला मागे गेली आणि बराच वेळ मोरीत उभी राहिली.

दुसऱ्या वेळी देवकाबाईने कॅन भाजीच्या थैलीत घालून वावरात नेला. सुरभी वही घेऊन बांधावर बसली. दहा वाजता भेंडी तोडणाऱ्या कौशल्याबाईने थैलीत डोकावून पाहिलं.

"काय वं देवके, दारू काढून राह्यली का?"

"लेकासाठी काढून राह्यली."

कौशल्याबाई हसायची थांबली. मग दिवसभर देवकाबाई तुरीत शिरली की ती पदर पसरून पुढे उभी राहायची आणि बाकीच्या बायांना म्हणायची, "तिकडं पाहा गं, भेंडीकडं."

देवकाबाई सकाळपासून तांब्यांमागून तांबे पाणी पीत होती.

"जास्त आलं तं आकडा वाढते नं?" तिने विचारलं.

पाणी वाढलं की लघवी पातळ होते, त्यातलं क्रिएटिनिन तेवढंच राहतं आणि गुणाकार तोच येतो, हे सुरभीला माहीत होतं.

"पी," ती म्हणाली.

नऊ वेळांची नोंद झाली. एक थेंबही सांडला नाही. दुसऱ्या दिवशी सुरभीने आईसोबत कॅन मांडीवर धरून वर्ध्याला नेला आणि तिथे आईने तपासणीला रक्त दिलं. रिपोर्ट संध्याकाळी मोबाइलवर आला, तेव्हा रजत आणि देवकाबाई दोघंही तिच्या तोंडाकडे बघत होते.

कालावधी चोवीस तास. लघवी एक हजार दोनशे चाळीस मिलिलिटर. रक्तातलं क्रिएटिनिन १.०. क्रिएटिनिन क्लिअरन्स मिनिटाला एक्केचाळीस मिलिलिटर.