उरलेल्या नोंदी

ग्रंथालयातला संदर्भयादीच्या सॉफ्टवेअरचा नवशिक्यांसाठीचा वर्ग संपला, तरी मागच्या खुर्चीवरचे काका उठले नाहीत. गेलेल्या लेकीचा प्रबंध विद्यापीठ छापणार होतं, आणि तिच्या वहीतली संदर्भयादी ते चार महिने रोज संध्याकाळी घरी एका बोटाने टाइप करत होते.

ग्रंथपालबाई शेजारी येऊन बसल्या. "अहो काका, एवढा उपद्व्याप कशाला? पुस्तकाच्या मागे छापलेला हा क्रमांक टाका आणि गंमत बघा."

त्यांनी एक क्रमांक टाकून दाखवला. लेखक, वर्ष, प्रकाशक, सगळं आपोआप भरलं.

"उरलेल्या ऐंशी नोंदी तासाभरात उरकतील!"

काका पडद्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर ना आनंद, ना दुःख.

"तासाभरात," ते म्हणाले. "मग उद्या संध्याकाळी मी काय करू, बाई?"

बाईंनी ती भरलेली नोंद पुसून टाकली आणि लेकीची वही काकांपुढे सरकवली.

"छपाईला अजून तीन महिने आहेत. ही युक्ती मी दाखवलीच नाही असं समजा. फक्त एक करा, टाइप करायला इथे येत जा. माझ्या टेबलाशेजारी उजेड चांगला आहे."

काकांनी वही उघडली आणि पुढच्या नोंदीवर बोट ठेवलं.