कडेचं बटण

"सिएरा, युनिफॉर्म, डेल्टा, ऑस्कर," असं बिनतारीवर अक्षरं सांगायच्या जुन्या पद्धतीनं पुटपुटत दत्तोपंतांनी उजव्या तर्जनीनं चार अक्षरं बडवली, पुढची ओळही तशीच उतरवली, वहीशी दोनदा पडताळली आणि मगच एन्टर दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची रांग लागली. त्यातलं निम्मं त्यांना कळलं नाही. पण नऊ दिवसांपूर्वी तर एक अक्षरही कळत नव्हतं, तेव्हा ही प्रगतीच म्हणायची.

दिवाळीच्या सुट्टीत नात मृण्मयी चिकलठाण्याला आली, तेव्हा तिनं आजोबांच्या जुन्या लॅपटॉपमध्ये लिनक्स घालून दिलं. ती पुण्याला परतली आणि दुसऱ्याच दिवशी त्याचं वायफाय गेलं. आत वायरलेसचं कार्ड आहे हे यंत्राला मान्य होतं, पण कार्ड काही जागं होईना. मुलानं, हिमांशूनं, बजाजनगरहून फोन करून सांगितलं की बाबा, डोकेफोड पुरे, रविवारी येतो, हा देऊन टाकू आणि नवा आणू. आज रविवार होता आणि दुपार कलली होती.

एकतीस वर्षं ज्या माणसानं बिनतारी यंत्रावरून धरणांच्या पाणीपातळीचे निरोप पाठवले, त्याच्याच घरात बिनतारी चालू नये, हा दिव्याखालचा अंधार दत्तोपंतांना खुपत होता. पण खरं दुखणं वेगळं आणि जुनं होतं. निवृत्तीला तीन महिने राहिले असताना बिनतारी कक्षात नवे डिजिटल सेट आले. पहिल्याच आठवड्यात एका सकाळी दत्तोपंतांच्या टेबलावरचा सेट मुका झाला. त्यांनी लॉगबुकात लिहिलं, 'सेट नादुरुस्त. देखभालीत हयगय.' देखभाल पुंजाराम मेकॅनिककडे होती. त्यानं तासाभरात सेट बोलता केला, पण लॉगबुकातली नोंद खोडता येत नाही. पुंजारामला मेमो मिळाला आणि त्याची बढती लांबली. दत्तोपंतांना नवं यंत्र झेपत नाही असं ठरवून वरिष्ठांनी त्यांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. तेव्हापासून चौदा वर्षं, सेट खराब होता, मी नव्हे, हे ते सांगत आले होते. कुणी न विचारताही सांगत.

म्हणून हा लॅपटॉप. दुकानात न जाता तो त्यांच्या हातून चालू झाला असता, तर ते सांगणं एकदाचं खरं ठरलं असतं. वहीत रोजच्या वेळा होत्या, दिलेल्या आज्ञा होत्या, आलेली उत्तरं होती. खाडाखोड कुठंही नव्हती. आणि गंमत म्हणजे मधल्या चार दिवसांत ते हिमांशूला विसरूनही गेले होते. एखाद्या यंत्राला 'तुला काय होतंय' असं विचारावं आणि त्यानं ओळीनं सांगावं, हे त्यांना इतकं आवडलं होतं की जेवणाची दोन बोलावणी होईपर्यंत ते उठत नसत.

आजच्या रांगेत शेवटी दोन ओळी नवीन होत्या. त्यांनी मृण्मयीला फोन लावून त्या वाचून दाखवल्या. सॉफ्ट ब्लॉक्ड, नो. हार्ड ब्लॉक्ड, येस.

"आजोबा, सॉफ्ट म्हणजे लिनक्सनं बंद केलेलं," ती म्हणाली. "हार्ड म्हणजे बाहेरून कुणीतरी बंद केलंय, हातानं. कडेला छोटं बटण असेल बघा. मी निघाले तेव्हा तर चालू होतं."

दत्तोपंतांना पाहावंही लागलं नाही. त्यांचं बोट थेट डाव्या कडेवर गेलं, जणू रोजची वाट. खरखरीत, नखाएवढं बटण. पुढं सरकवताच हिरवा ठिपका लागला आणि पडद्यावर अर्ध्या गल्लीच्या वायफायची नावं आली.

त्यांच्या पत्नी दमयंतीबाई समोर मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली.

"हे तर तुम्ही रोज रात्री सरकवता."

"मी?"

"मग कोण? रेडिओवरून हात फिरवता, मिक्सरवरून फिरवता, आता ह्याच्यावरून. हाताला लागेल ते बंद."

कक्षातली शिस्त होती ती. ड्यूटी संपली की सेटवरून एकदा हात फिरवायचा, बोटाला लागेल ते प्रत्येक बटण बंद करायचं. सकाळी मात्र एकच मोठं बटण लावायचं. जुन्या सेटना तेवढं पुरत असे.

फोनवर मृण्मयी आनंदानं काहीतरी बोलत होती. दत्तोपंतांनी हो हो म्हणून तो ठेवला. जिंकल्याचा आनंद यायला हवा होता, तो येईना. ते आपल्या तर्जनीकडे बघत राहिले. त्या नव्या सेटलाही डाव्या अंगाला एक छोटं बटण होतं. त्याचा खरखरीतपणा त्यांना आज, चौदा वर्षांनी, लख्ख आठवला.

त्यांनी वहीत लिहिलं, 'चार वाजून चाळीस. कार्ड ठीक. दोष:' आणि पेन थांबलं. मग जुन्या डायरीतून चितेगावचा एक नंबर काढून त्यांनी लावला.

"पुंजाराम, दत्तोपंत बोलतोय. तो नवा सेट आठवतो का? मुका झालेला?"

"व्हय साहेब, आठवतो की."

"त्याला काही झालं नव्हतं रे. कडेचं बटण मीच बंद केलं असणार, आदल्या दिवशी ड्यूटी संपताना. आज कळलं मला."

पलीकडे एक शेळी ओरडली.

"मला ठाऊक हाय, साहेब. सकाळी ते मीच चालू केलं ना."

मग तेव्हा बोलला का नाहीस, एवढंच दत्तोपंतांनी कसंबसं विचारलं.

"तुमचं तीनच म्हैनं राह्यलं होतं. म्हणलं, जाऊ द्या." पुंजाराम म्हणाला. "पर आज एवढ्या वर्सांनी कसं काय घावलं तुम्हाला?"

त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मेकॅनिक तो मेकॅनिकच. दत्तोपंत म्हणाले, फोनवर नको, येऊन सांगतो.

बाहेर हिमांशूची गाडी येऊन थांबली. तो दारातच वाकून लॅपटॉपकडे बघू लागला. हिरवा ठिपका पाहून त्याच्या भुवया वर गेल्या.

"जमलं की, बाबा. काय खराब होतं?"

दत्तोपंतांनी पेन उचललं, अपुरी ओळ पुरी केली आणि वही त्याच्याकडे वळवली. 'दोष:' याच्यापुढं एकच शब्द होता. 'ऑपरेटर.'

हिमांशू हसला. दत्तोपंत चपला शोधत होते. वही त्यांनी परत घेऊन काखोटीला मारली.

"चल," ते म्हणाले. "चितेगावला जायचंय."