खालचा थर

मित्रांनो, जवळ येण्याआधी नाक धरा. मी एक जुना काचेचा चंबू आहे, वर बूच आणि खाली तोटी असलेला. आयोवातल्या एका विद्यापीठाच्या तळघरात काच फुंकून मला घडवलं. एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव माझ्यात घालून हलवायचे, थर वेगळे होऊ द्यायचे आणि तोटीतून खालचा थर काढायचा, हे माझं काम. "याची तोटी कधी गळत नाही," असं माझं कौतुक व्हायचं. तेव्हा मला धूतही असत.

मग ट्रेंट आला. पीएचडी करणारा हा गडी काम झालं की मला तसाच बेसिनमध्ये टाकून जातो. आत रसायनांचं डांबर वाळतं, सडक्या कांद्याचा वास सुटतो. मला माझ्याच पोटाची शिसारी येते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत इथे बी.एस्सी.ची मुलं संशोधन शिकायला येतात. यंदा ट्रेंटच्या हाताखाली मॅरेन आली, नेब्रास्कातल्या एका लहान कॉलेजची. पहिल्याच दिवशी तिने ओकारी आवरत मला घासून लख्ख केलं.

जुलै संपत आला. अख्खा उन्हाळा खपून तिने बनवलेला पदार्थ माझ्यात होता, आणि निघण्याआधी त्याचंच पोस्टर सगळ्या विभागासमोर मांडायचं होतं.

"ट्रेंट, कुठला थर ठेवू?"

त्याने मोबाइलमधून मान वर काढली नाही. "वरचा. पाणी खाली बसतं. खालचं दे ओतून."

"नक्की ना? मी ईथर नाही वापरलेलं."

"अगं बाई, इतकी वर्षं हेच करतोय मी. टाक."

ट्रेंटला सवय ईथरची, आणि ईथर पाण्यावर तरंगतं. मॅरेनचा पदार्थ ज्यात विरघळला होता तो द्रव पाण्याहून जड होता, म्हणजे खाली. तिने तोटी उघडली आणि तिचा उन्हाळा टाकाऊ रसायनांच्या पिंपात गेला. तिथे सगळ्यांची घाण एकत्र. त्यातून काही परत मिळणार नव्हतं. आपल्याला बोलता येत नाही याची मला इतकी चीड कधी आली नव्हती.

वरच्या थरात नुसतं पाणीच निघालं आणि चूक उघडी पडली, तेव्हा प्रयोगशाळेच्या प्रमुख, प्राध्यापक हॅलोरन बाई, टेबलापाशी आल्या.

"मी सांगितलं होतं हिला, दोन्ही थर ठेव म्हणून," ट्रेंट म्हणाला. "ही मुलं ऐकतात कुठे?"

वाळल्या डांबराचीही मला एवढी शिसारी आली नव्हती.

मॅरेनचे कान लाल झाले. "तू टाक म्हणालास. पण तोटी मी उघडली. बाई, मी पोस्टरवर तेच लिहिणार. पदार्थ तयार झाला होता, आम्ही तो फेकला."

बाईंनी ट्रेंटकडे पाहिलं. "'आम्ही' म्हणजे कोण, ते कळलं ना तुला?"

तो मोबाइल खिशात घालून निघून गेला.

मित्रांनो, काम झालं की मला धुवा. थर ओळखू येत नसेल तर वरून थेंबभर पाणी सोडा. ते ज्या थरात मिसळेल तो पाण्याचा. आणि पदार्थ हाती येईपर्यंत काहीच ओतून देऊ नका. माझ्या पोटातलं डांबर ॲसिटोनने निघतं. आपली चूक दुसऱ्याच्या अंगावर ओतणाऱ्याला काय लावून घासायचं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.