डोंगर एकच हवा

मी रिओ ग्रान्दे गावच्या मोबाइल कारखान्यातला म्हातारा तपासनीस बोलतोय, माणूस नव्हे, यंत्र. फोनच्या लहरी मी तपासतो, स्वभावाने मात्र लहरी नाही.

नवा फोन लोखंडी पेटीत ठेवून दार लावतात. तो आतून साद घालतो आणि त्या लहरींचा आकार मी पडद्यावर काढतो. चांगल्या फोनचा डोंगर एकच असतो, दोन्ही उतार स्वच्छ. शेजारी दुसरा उंचवटा दिसला, की समजायचं, हा पठ्ठ्या दुसऱ्याच्या हद्दीत घुसून त्याचं बोलणं बिघडवणार. त्याला मी सरळ नापास करतो. भीडभाड मला ठाऊक नाही आणि याचा मला अभिमान आहे.

माझ्यासमोर मला चालवणारी नेलिदाबाई बसते. बाहेर वारा पत्रे उचकटत असतो आणि आत तिची तुंबी फिरते. भोपळ्याच्या तुंबीत कडू पाल्याचा चुरा, वर गरम पाणी, आणि एकाच नळीने सगळ्यांनी आळीपाळीने ओढायचं. ओतायचा मान बाईचा. पाल्याचा डबा ती माझ्या पेटीवरच ठेवते, हाताशी असतो म्हणून.

गेल्या हिवाळ्यात मी एकामागून एक फोन नापास करू लागलो. प्रत्येक डोंगराशेजारी उंचवटा. कारखान्याचे इतुर्बेसाहेब वैतागले.

“म्हाताऱ्याची नजर गेली. शुक्रवारी भंगारात काढा.”

“आजोबा खोटं बोलत नाहीत, साहेब.” बाई मला आजोबा म्हणते.

“मग काय, सगळे फोन खोटे?”

बाईने तोच फोन पुन्हा पेटीत ठेवला. साहेबांचं बोलणं मला फार लागलं. भंगाराची भीती होतीच, पण खोटारडा ठरून जाणं जिवावर आलं होतं.

शुक्रवारी साहेब मला न्यायला माणसं घेऊन आले. बाईने शेवटचा म्हणून एक फोन पेटीत ठेवला. पुन्हा उंचवटा. तिने गुपचूप तुंबी भरली आणि शेजारच्या टेबलावरच्या एवेलिओपुढे धरली. तो पेटीशिवाय, उघड्यावरच फोन लावून बघत असतो. तुंबीला कुणी ताटकळत ठेवत नाही, म्हणून हातातला फोन बंद करून तो उठला. माझ्या पडद्यावरचा उंचवटा गेला.

“एवेलिओ, चालू कर रे परत.”

उंचवटा आला.

“आता बंद कर.”

गेला.

“बाई, मी काय जादूगार आहे?” एवेलिओ म्हणाला.

त्याच्या फोनच्या लहरी माझ्या पेटीत शिरत होत्या. इतुर्बेसाहेबांनी स्वतः वाकून दाराची कड चाचपली. लहरी अडवणाऱ्या जाळीदार पट्टीत हिरवा चुरा ठासून बसला होता, दार नीट मिटतच नव्हतं. साहेबांनी बोट हुंगलं.

“हा पाला कुणाचा?”

सगळे तुंबीकडे बघू लागले.

“माझा,” बाई म्हणाली. “काय बोलायचं ते मला बोला, पण आजोबांना ठेवा.”

“बोलू काय कपाळ? सकाळपासून तीन वेळा मीच ओढलीय.”

नाचता येईना अंगण वाकडे, असं साहेब मला ऐकवत होते. इथे अंगण खरंच वाकडं होतं आणि सगळ्यांनी मिळून गोडीने वाकडं केलं होतं. बाईने पट्टी ब्रशने साफ केली. नापास झालेले फोन पास झाले. डबा आता खिडकीत असतो.

माझ्याशेजारी नवं चकचकीत यंत्र आलंय. ते काही विचित्र दाखवू लागलं, की साहेबच म्हणतात, “आजोबांना विचारा.” तेव्हा माझा पडदा जरा जास्तच उजळतो, असं बाई म्हणते.

एक दिवस मलाही काढतील. खुशाल काढा. म्हातारा झाला म्हणून काढा. खोटं बोलला म्हणून मात्र नको.