दान्सोनच्या विसाव्यातला पंखा

मित्रांनो, मी लाकडी काड्यांचा आणि काळ्या रेशमाचा हातपंखा. माझी एक काडी मोडली आहे, ती दोऱ्याने बांधली आहे. तरी माझी ऐट गेलेली नाही, आणि का जावी? वेराक्रूस शहराच्या चौकात संध्याकाळी बँड वाजू लागला की माझ्यावाचून ओदिलियाबाईंचं पान हलत नसे.

या चौकात जोड्या दान्सोन नाचतात. जुना, सभ्य नाच, एका फरशीवर मावेल इतका. त्याची खरी मेख थांबण्यात आहे. सुरुवातीला एक सूर वाजतो, तोच मधेमधे परत येतो. तो वाजत असेपर्यंत कोणी नाचायचं नाही. जोड्या ताठ उभ्या राहतात आणि बायका पंखे उघडतात. म्हणजे सगळे थांबले की माझं काम सुरू! ओदिलियाबाई मला फट्कन उघडत तेव्हा लोक वळून बघत, खोटं नाही सांगत.

मग बाईंचे गुडघे गेले. त्यांचा नवरा फेर्मिन त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसला तो बसलाच. नाचताना या म्हाताऱ्याचा चेहरा कसा उजळतो ते बाईंनी जन्मभर पाहिलं होतं. त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी मला मारिक्रूसच्या, म्हणजे सुनेच्या हाती दिलं आणि तिला नाच शिकायला लावलं.

मारिक्रूस पावलं झटपट शिकली. बाईंनी गळ घातली म्हणून फेर्मिन उठला. पण तो सूर परत आला, सगळा चौक थांबला, आणि ही बया एकटीच सासऱ्याला ओढत नाचत राहिली! मी तिच्या मुठीत मिटलेलाच. लोक हसले. फेर्मिन हात सोडवून खुर्चीवर परत आला आणि म्हणाला, यापुढे मला उठवू नका.

मारिक्रूस घरी येऊन रडली. बाईंनी तिला स्वयंपाकघरात उभं केलं आणि रेकॉर्ड लावली.

"पाय कोणीही हलवतं गं," त्या म्हणाल्या. "तू नुसती उभी राहून दाखव."

तिचा पाय जरा हलला की बाई काठी आपटत. रोज माझा वारा घेत ती उभं राहायला शिकली.

पुढच्या रविवारी तिने सासऱ्याला विचारलंच नाही. सुरुवातीचा सूर वाजला तशी ती त्याच्या खुर्चीजवळ ताठ उभी राहिली, मला उघडलं आणि सासूला शांतपणे वारा घालू लागली. फेर्मिन बघत राहिला. सूर संपला, आणि त्याने आपण होऊन हात पुढे केला.

मित्रांनो, मला तर आकाश ठेंगणं झालं! बाईंनी शेजारणीला कोपराने ढोसलं. "ती माझी सून," त्या म्हणाल्या. "आणि तो उजळलेला म्हातारा माझा."

तुमच्या घरी असा एखादा पंखा असेल तर त्याला कपाटात कोंडू नका. त्याची काडी बांधा आणि तो घरातल्या कोणाच्या तरी हाती द्या. मी अजून कामावर आहे.