सातव्या पानावरच्या चार ओळी

दोन हजार तीन साल, हिवाळा उतरणीला लागलेला, फेब्रुवारीचा दुसरा गुरुवार. त्या संध्याकाळी मी बारा वेळा फेकला गेलो आणि बाराही वेळा समोरच्या दहाच्या दहा पिना आडव्या केल्या. दुसऱ्या दिवशी शहराच्या पेपरात याचा एक शब्द नव्हता.

मी बोलिंगचा गोळा बोलतोय. वजन सव्वासहा किलो, रंग गडद तांबडा. शाळेत गेलेलो नाही, त्यामुळे आडवळणाने बोलता येत नाही. मला राग आला आहे आणि तो मी सांगणार आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मला भोकं नव्हती. गोळ्याला भोकं पाडतात ती त्याच्या मालकाचा हात मोजून. माझा पहिला मालक लेथवर काम करणारा कारागीर. बोलिंगच्या हॉलमध्ये सगळे त्याला टर्नर म्हणत, बायका आणि तरणी मंडळी टर्नरकाका. भोकं पाडणाऱ्याने मला हातात दिलं तेव्हा काकांनी खिशातून मापयंत्र काढलं, अंगठ्याचं भोक मोजलं आणि म्हणाले, "केसभर मोठं आहे. बुजवा, पुन्हा पाडा." पुन्हा पाडलं. असा माणूस.

एकवीस वर्षं आम्ही दर गुरुवारी लीग खेळलो. माणसं फेकून झाल्यावर काय करतात ते मी चांगलं ओळखतो. गोळा हातातून सुटला की कंबर वाकडी करतात, जणू मी मागे वळून बघणार आणि त्यांच्या बाजूला वळणार. पिना राहिल्या की बुटाकडे बघतात, पडल्या की मित्रांकडे. काका कुठेच बघत नसत. फेकून झालं की पाठ फिरवून जागेवर येऊन बसत.

मग त्यांच्या अंगठ्याचा सांधा सुजला आणि मी दीड वर्ष कपाटात पडलो. काकी त्याच सुमारास गेल्या. काका हॉलमध्ये यायचे, बसायचे, इतरांच्या चुका काढायचे. घरी बोलायला कोणी उरलं नव्हतं.

लीगमध्ये एक बाई होती. मोठ्या लॉन्ड्रीत इस्त्रीचं काम करायची, म्हणून तिचं नाव इस्त्री. दिवसभर जड इस्त्री ओढून तिचं मनगट दगडासारखं झालेलं. तिच्याकडे स्वतःचा गोळा नव्हता, हॉलचा गुळगुळीत झालेला घेऊन खेळायची. एक दिवस काकांनी मला कपाटातून काढलं, माझी जुनी भोकं बुजवून घेतली आणि तिच्या हाताच्या मापाची नवी पाडून घेतली. जुन्या भोकांचे तीन चट्टे अजून माझ्या अंगावर आहेत.

"फुकट पडला होता," काका तिला म्हणाले. "वापर."

तिने मला तळहातावर तोललं. "काका, याने तीनशे होतील एक दिवस."

सगळे हसले. नीट समजून घ्या. एका डावात एकामागून एक बारा वेळा सगळ्या पिना पाडल्या तर तीनशे गुण होतात. याच्या वर या खेळात आकडाच नाही. आमच्या हॉलमध्ये तीनशे कोणीच केले नव्हते, काकांनीसुद्धा नाही. त्यांच्या वर्मी लागलं असावं.

"कर तीनशे," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "ज्या दिवशी करशील त्याच्या आठ दिवसांत तुझं नाव पेपरात आणीन. नाही आणलं तर या हॉलमध्ये पाऊल ठेवणार नाही."

चार वर्षं गेली आणि तो गुरुवार आला. नवव्या फेकीपासून बाजूच्या लेनवाल्यांनी खेळ थांबवला. अकराव्याला चहाच्या यंत्रापाशी उभ्या माणसाने कप भरून वाहू दिला. बाराव्या फेकीला नऊ पिना पडल्या, दहावी डुलत राहिली, डुलत राहिली आणि पडली.

आरडाओरडा संपल्यावर इस्त्री काकांजवळ आली. "काका, ते पेपरचं मस्करीत बोलला होतात. राहू द्या."

"मी मस्करी करत नाही. गोळा दे. पुरावा म्हणून नेतो."

शुक्रवारी सकाळी दहा वाजता आम्ही पेपरच्या कचेरीत. मी पिशवीत, काका कडक घडीच्या शर्टात. काचेमागच्या बाईने मान वर न करता विचारलं, "जाहिरात, तक्रार की निधन?"

"बातमी."

"बातमीसाठी खिडकी नाही."

"पेपर कशाचा काढता मग?"

बाईने आता मान वर केली. "आजोबा, क्रीडाचे साहेब सोमवारी भेटतात."

आठातले तीन दिवस असे गेले. रविवारी काकांनी क्रीडा पान टेबलावर पसरलं आणि चष्मा पुसून एक एक ओळ वाचली. पावसाने मैदान भिजलं म्हणून फुटबॉलचा एक सामना झालाच नव्हता. त्या न झालेल्या सामन्याला तीन रकाने आणि ओल्या गवताचा फोटो. कोणाच्या तरी गुडघ्याला सूज होती, त्याला एक रकाना. काकांच्या अंगठ्याला साडेपाच वर्षं सूज होती, कोणी विचारलं नाही. न झालेला खेळ छापतात आणि झालेला छापत नाहीत, हे कुठलं डोकं?

सोमवारी क्रीडाचे साहेब भेटले. थकलेला माणूस, टेबलावर कागदांचा ढिगारा, त्यावर अर्धा खाल्लेला बिस्किटाचा पुडा. काकांनी मला काढून त्या ढिगाऱ्यावर ठेवलं.

"याने गुरुवारी तीनशे झाले."

"उचला हो. खाली पानं आहेत माझी."

"आधी ऐका."

साहेबांनी ऐकलं. मग सांगू लागले. बोलिंग बघायला कोण येतं? जे खेळतात तेच. फोटोत काय दिसणार, माणसाची पाठ. आणि लोकांना ते वाढदिवसाचं ठिकाण वाटतं, खेळ वाटत नाही. "बातमीला गोष्ट लागते, आजोबा. तुमच्याकडे नुसते आकडे."

फुटबॉलमध्ये काय असतं मग, दोन-एक? तो आकडा नाही? मला तोंड असतं तर तिथेच विचारलं असतं.

काकांनी दुसरं विचारलं. "अकरा वर्षं आमचा मॅनेजर दर शुक्रवारी लीगचा निकाल तुम्हाला पाठवतो. अकरा वर्षांत एक ओळ छापली नाहीत. का?"

साहेब उठले. कपाटाच्या तळातून दोरीने बांधलेला गठ्ठा काढला. आमच्याच हॉलचे कागद. "वाचा. मोठ्याने वाचा."

काकांनी वाचलं. "तीन डावांची बेरीज. ढोल्या पाचशे एकसष्ट. पाहुणा पाचशे अठ्ठेचाळीस. इस्त्री पाचशे चाळीस. डबा पाचशे दोन."

"हे छापू? उद्या ढोल्याच्या घरचे इथे येऊन माझी गचांडी धरतील. कोण डबा? कोण पाहुणा?"

काकांनी कागद खाली ठेवला. पाहुणा म्हणजे चौदा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी कोणाचा तरी पाहुणा म्हणून आलेला माणूस, जो पुन्हा गेलाच नाही. त्याचं खरं नाव काकांना माहीत नव्हतं. हॉलमध्ये कोणालाच माहीत नव्हतं. गुणफलकावर नाव टाकायची जागा चार अक्षरांची, तिथे जे मावलं तेच माणसाला चिकटलं आणि मॅनेजर दर आठवड्याला तेच उतरवून पाठवत राहिला.

म्हणजे दोष आमचाही होता. मान्य. पण अकरा वर्षं तो गठ्ठा बांधून ठेवणाऱ्याला एक फोन करता आला नाही? 'अहो, नावं पाठवा' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? दोरी बांधायला वेळ मिळाला. इकडे आमचे शहाणे दर शुक्रवारी पेपर उलटून शिव्या देत बसले, एकानेही जाऊन विचारलं नाही. दोघांनाही एका पारड्यात घालून लेनवरून सोडावंसं वाटलं मला.

"लिहून आणा," साहेब म्हणाले. "पूर्ण नाव, काम, कधी, कुठे. आणि तीनशे म्हणजे काय ते एका ओळीत, माझ्या आजीला कळेल असं. बुधवारी चारच्या आत. छापीनच असं म्हणत नाही."

मंगळवारी आम्ही लॉन्ड्रीत गेलो. आत वाफ, ओल्या चादरींचा वास, मोठ्या टेबलांची रांग. इस्त्री तिसऱ्या टेबलावर होती.

"तुझं नाव काय?" काकांनी विचारलं.

ती हसली. काका हसत नाहीत हे बघून थांबली. "नऊ वर्षांनी विचारताय?"

"पेपरला पाहिजे. पूर्ण."

तिने इस्त्री उभी करून ठेवली. "काका, नाव नको."

"का?"

"सासूबाई पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात. त्यांना वाटतं मी गुरुवारी शिवणाच्या क्लासला जाते."

"नऊ वर्षं?"

"दरवर्षी एक झबलं विकत आणून दाखवते. म्हणतात, हात बसत चाललाय."

शेजारच्या टेबलावरची बाई खुसखुसली. काका नाही. "नको असेल तर नको. मी हॉलला येणं बंद करीन, तेवढंच."

"म्हणजे ते माझ्या माथी."

"तुझ्या माथी काही नाही. बोललो मी, तू नाहीस."

तिने एक चादर घेतली, तिच्या चारही घड्या घातल्या, बाजूला ठेवली. दुसरी घेतली. दुसरी अर्धी झाल्यावर म्हणाली, "लिहून घ्या."

तिने नाव सांगितलं. मधलं, शेवटचं, सगळं. "वय लिहू नका."

"नाही लिहीत."

"आणि तुमचं नाव काय हो, काका?"

काकांनी सांगितलं. शेजारची बाई म्हणाली, "हे मला टर्नरपेक्षा बरं वाटतं." काकांनी तिच्याकडे बघितलं नाही.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर काकांनी बातमी लिहिली. चौथीपर्यंत शिकलेला माणूस. अकरा कागद फाडले. तीनशे म्हणजे काय ते एका ओळीत मावेना. शेवटी लिहिलं, 'याहून जास्त गुण या खेळात कोणालाच मिळवता येत नाहीत.' बुधवारी तीन वाजता कागद साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी वाचला, ढिगाऱ्यावर ठेवला, "बघतो" म्हणाले.

पुढचं सांगण्याआधी एक. आज, हे सांगताना, मी पुन्हा लेनवर आहे. मला काचेच्या कपाटात ठेवा असं कोणीतरी म्हटलं होतं, इस्त्रीने ऐकलं नाही, तिचे आभार. गोळा बघण्यासाठी नसतो. वाचणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. पंचवीस वर्षं ज्याच्या शेजारी बसता त्याचं नाव विचारा. आणि पेपरवाल्यांनो, आमच्या हॉलचा दरवाजा रस्त्यावरच आहे. कोणी आत येत नाही, असं आत न येता म्हणू नका.

तर, त्या गुरुवारी, आठव्या दिवशी, सकाळी पेपर आला. काकांनी दारातच उभ्याने उघडला. सातवं पान, अगदी तळाशी, गुडघ्याच्या सुजेच्या खाली. चार ओळी. 'याहून जास्त गुण' ही ओळ कापलेली. काकांच्या तोंडून एक शिवी निघाली, ती मी सांगत नाही. पण नाव होतं. पूर्ण, एकही अक्षर न चुकता.

आम्ही लॉन्ड्रीत गेलो. येताना बसमध्ये पेपर चुरगळला होता. काकांनी मला टेबलाखाली ठेवलं आणि पान तिच्यासमोर टाकलं. तिने वाचलं. पुन्हा वाचलं. मग ओल्या फडक्याखाली घालून त्या पानावरून इस्त्री फिरवली, एकही चुणी राहिली नाही तोवर.

"घरी?" काकांनी विचारलं.

"सकाळीच वाचलं सासूबाईंनी. म्हणाल्या, झबली कुठून आणत होतीस ते दुकान दाखव."

काकांनी मान हलवली. "माझं फिटलं?"

"फिटलं, काका."