खंडेनवमीला मी तिजोरीबाहेर होतो

मित्रांनो, माझ्या चापाच्या कड्याला दोऱ्याने एक कागदी चिठ्ठी बांधलेली आहे. तिच्यावर एक क्रमांक आहे आणि एक तारीख आहे. त्या तारखेला मला भट्टीत टाकणार आहेत. मी नेमबाजीचे एक जुने पिस्तूल आहे. जर्मनीतल्या एका सरकारी कचेरीच्या लोखंडी कपाटात पडून मी तुमच्याशी बोलतो आहे. भिऊ नका. माझ्यात गोळी नाही. त्या दिवशीही नव्हती. तरीही जे व्हायचे ते झाले.

माझा जन्म पंचेचाळीस वर्षांपूर्वी जर्मनीच्या दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. माझी नळी एका पोलादी कांबीतून कोरून काढली. माझी मूठ अक्रोडाच्या लाकडाची होती. ती हाताने घासणारा कारागीर दर दहा मिनिटांनी काम थांबवून तिला गालाला लावून पाहायचा. लाकूड टोचते की नाही, हे गालाला आधी कळते म्हणे. मी लढाईसाठी झालोच नव्हतो. मी बारीक गोळीचे पिस्तूल. पंचवीस मीटरवरच्या कागदी चकतीला भोक पाडायचे, एवढेच माझे काम.

डार्मश्टाटजवळच्या एका गावातल्या नेमबाजांच्या क्लबने मला विकत घेतले. नवशिक्यांना शिकवायला त्यांना एक पिस्तूल हवे होते. गावातली बेकरीवाली बाई माझ्यावर शिकली आणि पुढे तिने जिल्ह्याचा चषक आणला. टपाल वाटणारा एक माणूस दर गुरुवारी यायचा. त्याला कधीच नीट जमले नाही, पण तो वीस वर्षे येत राहिला. क्लबचे प्रमुख हेर क्राउस, म्हणजे आपल्याकडचे क्राउससाहेब, मला दाखवून म्हणायचे, "ही आमची बालवाडी. हिच्यातून सगळे पास होऊन गेले."

मग क्लबने नवी पिस्तुले घेतली. ती हलकी होती, त्यांच्या मुठी प्रत्येकाच्या हाताप्रमाणे बदलता यायच्या. मला सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवले. दोन वर्षे मला कुणी हात लावला नाही. तेल सुकले. मित्रांनो, गंज चढायला पाणीच लागते असे नाही. विसरून गेले की आपोआप चढतो.

अशा वेळी मालिनी आली.

मालिनी मूळची पुण्याची. ती डार्मश्टाटला राहायची आणि एस-बान लोकलने एश्बॉर्नच्या ऑफिसात जायची. एका जानेवारीत, संध्याकाळी साडेपाचलाच अंधार पडलेला असताना, स्टेशनच्या भुयारी वाटेत एका माणसाने तिला भिंतीवर दाबले आणि तिची पर्स हिसकावून नेली. जखम काही झाली नाही. पण तेव्हापासून तिचे हात थरथरायचे. चहाचा कप तिला दोन्ही हातांनी धरावा लागायचा, आणि तरी बशीत सांडायचा.

पहिल्याच दिवशी ती हेर क्राउसना म्हणाली, "मला पिस्तूल घ्यायचं आहे. स्वतःच्या रक्षणासाठी."

"आल्झो, असं असेल तर तो दरवाजा बाहेरून लावून घ्या," हेर क्राउस म्हणाले. "त्या कारणासाठी इथे तुम्हाला कुणी परवाना देणार नाही. आणि समजा दिला, तरी पिस्तूल घरी तिजोरीत राहणार. तुम्ही आकडे फिरवून ती उघडेपर्यंत चोर थांबेल का? त्याला कॉफी द्याल?"

मालिनीला हसू आले. कितीतरी महिन्यांनी आले असावे, कारण हसल्यावर ती स्वतःच दचकली.

"पण हात स्थिर करायचे असतील," ते तिच्या बोटांकडे पाहत म्हणाले, "तर दर गुरुवारी या. वर्षभर या. मग बोलू."

ती वर्षभर आली. शिकायला तिला मलाच दिले, खालच्या कप्प्यातून काढून, तेल घालून. पहिल्या महिन्यात माझी नळी तिच्या हातात वाऱ्यावरच्या फांदीसारखी हलायची. हेर क्राउस सांगायचे, "श्वास अर्धा सोड. आता थांब. चाप ओढू नकोस, दाब. पिकलेलं फळ दाबून बघतात तसा." पावसाळी दुपारी, बर्फातल्या संध्याकाळी ती आली. सहाव्या महिन्यात पाचही भोके चकतीच्या काळ्या भागात पडली. त्या दिवशी क्लबच्या कट्ट्यावर तिने कॉफीचा कप एका हाताने उचलला. कुणाच्या लक्षात आले नाही. माझ्या आले.

मग परीक्षा झाली, कागद झाले, आणि स्वतःचे पहिले पिस्तूल निवडायची वेळ आली. तिचा नवरा शिरीष बरोबर आला होता. तो इंजिनियर. घरून तक्ताच करून आला होता.

"हे बघ, नऊ मिलिमीटरचं घे. जगभर तेच चालतं. घ्यायचं तर नीट घ्यावं."

"अरे, गाडी घेतोय का आपण?" मालिनी म्हणाली.

हेर क्राउसनी चार पिस्तुले टेबलावर मांडली. शेवटी, कुणास ठाऊक का, मलाही खालच्या कप्प्यातून काढून कडेला ठेवले. "पहिलं पिस्तूल डोळ्यांनी निवडायचं नसतं," ते म्हणाले. "डोळे मीट. समोर धर. हात जिथे सहज थांबेल तिथे थांबू दे. आता डोळे उघड. नळीवरचा पुढचा उंचवटा मागच्या खाचेत आपोआप बसलेला दिसला, तर ते तुझं."

एकाची मूठ तिच्या तळहाताला जाड झाली. दुसऱ्याने असा झटका दिला की तिचे मनगट जुन्या भीतीने पुन्हा कापू लागले. तिसरे चकचकीत होते, पण त्याचे नाक खाली झुकायचे. शिरीषचे नऊ मिलिमीटरवाले तिने एकदाच चालवले आणि खाली ठेवले. मग तिने डोळे मिटले आणि मला उचलले. डोळे उघडले तेव्हा उंचवटा खाचेच्या बरोबर मध्ये उभा होता.

"जुनं आहे ते," शिरीष म्हणाला.

"असू दे. याला माझा हात माहीत आहे."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात माझे एवढे कौतुक कुणी केले नव्हते. चषक मिळाला तेव्हासुद्धा नाही.

त्यांच्या घरी मला भिंतीला पक्क्या केलेल्या तिजोरीत ठेवले. आकडे फक्त मालिनीला ठाऊक होते. दहा वर्षांची अन्वी, त्यांची मुलगी, पहिल्याच दिवशी दारात उभी राहून पाहत होती. मालिनी तिला म्हणाली, "याला हात लावायचा नाही. कधीच नाही."

"वाइस इश, आई," अन्वी म्हणाली. माहितीये गं, असे. तिला मराठी सगळे समजायचे, पण उत्तर जर्मनमध्येच यायचे. आणि त्या दिवसापर्यंत तिने खरोखर कधी हात लावला नाही. हे मी मुद्दाम सांगतो. त्या मुलीची यात काही चूक नाही.

दीड वर्ष असे सुखात गेले. मग शिरीषचे वडील, वासुदेवराव, तीन महिन्यांसाठी पुण्याहून आले. त्यांनी छत्तीस वर्षे कारखान्यात फिटर म्हणून काम केले होते. मालिनी मला साफ करत असताना ते शेजारी खुर्ची घेऊन बसायचे. माझ्या आतली एक पट्टी पाहून म्हणाले, "ही हातकानशीने मारलीय. मशीनची नाही. बघ सूनबाई, शेवटचा फेरा उलटा मारलाय. माणूस डावखुरा असणार." कारखाना सोडल्यापासून माझ्या त्या कारागिराची आठवण कुणी काढली नव्हती. मला हे म्हातारे फार आवडले.

ऑक्टोबरात खंडेनवमी आली.

"बाबा, मी लॅपटॉप ठेवते, शिरीषचं मापं घ्यायचं व्हर्नियर ठेवते. पुरे ना?" मालिनीने विचारले.

"आणि ते?" वासुदेवरावांनी तिजोरीकडे हनुवटी केली.

"अहो बाबा, ते बाहेर ठेवायचं नसतं. नियम फार कडक आहेत इथले."

"नवमीला हत्यार कोंडून ठेवायचं? आमच्या वर्कशॉपमध्ये साहेब स्वतः बूट काढून उभे राहायचे मशीनपुढे. ज्यानं तुझे हात बरे केले, त्याला एक फूल नाही?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "अर्धा तास फक्त. मी इथेच बसतो."

मालिनीने घड्याळाकडे पाहिले. मग तिने आकडे फिरवले. मी रिकामा आहे हे दोनदा तपासले. गोळ्या आतच ठेवून तिजोरी पुन्हा बंद केली.

पाट नव्हता, म्हणून भाजी चिरायची लाकडी फळी घेतली. तिच्यावर धुतलेला पंचा. लॅपटॉप, व्हर्नियर, अन्वीची कंपासपेटी, वासुदेवरावांनी पुण्याहून आणलेली त्यांची जुनी कानस, आणि मध्ये मी. बाल्कनीतल्या कुंडीतला झेंडू. आणि मग, मित्रांनो, वासुदेवरावांनी नातीला जवळ बोलावले, तिचे बोट कुंकवात बुडवले आणि माझ्या मुठीवर टेकवले.

"नमस्कार कर. आज हा देव."

मालिनीने अडवले नाही. सणाचा दिवस होता.

धूप पेटला. शिरीष बाहेर गेला होता. स्वयंपाकघरात कढईतले तेल तापत होते. तेवढ्यात पॅसेजच्या छतावरचा धुराचा अलार्म किंचाळू लागला. "अगं बाई! शेजारी फायर ब्रिगेड बोलावतील!" म्हणून मालिनी स्टूल घेऊन धावली आणि टॉवेल हलवू लागली. तेल धुरावले होते, म्हणून वासुदेवराव गॅस बंद करायला पळाले. हे सगळे मिळून एका मिनिटाचे.

अलार्म थांबला. वासुदेवराव हात पुसत खोलीत आले. समोर अन्वी उभी होती. मी तिच्या दोन्ही हातांत होतो. ती हसत होती.

"आजोबा, हेंडे होख!" हात वर करा, असे.

आणि तिने चाप दाबला.

टक्.

एवढाच आवाज झाला. अन्वीला वाटले, आजोबा हसतील. वासुदेवरावांनी खरोखर दोन्ही हात वर केले होते. ते तसेच राहिले. मग ते भिंतीला धरून खाली बसले. त्यांचे आयुष्य यंत्रांत गेले होते. आत गोळी असती तर काय झाले असते, हे त्यांना त्या एका आवाजात कळले.

मालिनीने मला अन्वीच्या हातातून काढून घेतले. अन्वी रडू लागली, आणि त्या दिवशी ती मराठीत बोलली. "पण आजोबाच म्हणाले, तो देव आहे. देव मारतो का?"

शिरीष घरी आला तेव्हा त्याला सगळे सांगितले. तो अन्वीच्या डोक्यावर हात ठेवून बसला. मग म्हणाला, "हे बघ, बाहेर कुणाला कळणार आहे? काही झालेलं नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर. झालेलं नाही," मालिनी म्हणाली. "म्हणून तर सांगता येतंय."

"सांगितलंस तर परवाना जाईल. क्लब जाईल. तुझे हात..."

"माझे हात मला माहीत आहेत रे."

वासुदेवराव कोपऱ्यातून म्हणाले, "माझं नाव सांग सूनबाई. मी हट्ट केला."

"तिजोरी मी उघडली, बाबा."

दुसऱ्या दिवशी तिने मला कुलूपबंद पेटीतून क्लबला नेले आणि हेर क्राउसना सगळे सांगितले. ते थकले होते. नजर गेल्यामुळे त्यांनी स्वतःचे परवानेसुद्धा परत केले होते. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारले, "फूल वाहायचंच होतं ना? मग बंद तिजोरीला हार घातला असता तर तुमचा देव रागावला असता का?"

उत्तर इतके सोपे होते की मालिनीला ते ऐकवेना.

तिने कचेरीला स्वतः पत्र लिहिले. काही आठवड्यांनी परवाना रद्द झाल्याचे उत्तर आले. मला परवाना असलेल्या दुसऱ्या कुणाकडे सोपवायला एक महिना दिला होता. क्लबकडे नवी पिस्तुले होती. बेकरीवाली बाई वारली होती. पंचेचाळीस वर्षांचे पिस्तूल कुणालाच नको होते.

शेवटच्या दिवशी वासुदेवराव तिच्याबरोबर कचेरीत आले. पुढच्याच आठवड्यात ते पुण्याला परत जाणार होते. पेटी उघडली तेव्हा त्यांना माझ्या मुठीवरचे कुंकू दिसले. खिशातून रुमाल काढून ते पुसू लागले. टेबलामागच्या बाईने कागद बाजूला ठेवून त्यांना पुसू दिले. त्यांनी खूप पुसले. लाकडाच्या खाचेतला एक कण मात्र निघाला नाही. तो अजून आहे.

"चल सूनबाई," ते म्हणाले.

मालिनीने सहीसाठी पेन उचलले. तिचा हात थरथरत होता. तिने दुसऱ्या हाताने मनगट धरले आणि सही केली. अर्धा श्वास सोडून, थांबून, अगदी शिकवल्यासारखी. तरी अक्षर हलले. मी शेजारीच होतो, आणि या वेळी मला तिच्यासाठी काहीच करता येत नव्हते.

मित्रांनो, मी काही देव नाही आणि राक्षसही नाही. मी एक यंत्र आहे. हातात कोण आहे, ते मला निवडता येत नाही. माझ्यासारखे काही तुम्हाला कुठे उघड्यावर दिसले, तर त्याला हात लावू नका. ते रिकामे आहे असे कुणी सांगितले तरी नको, त्याच्यावर फूल वाहिलेले असले तरी नको. तिथून दूर व्हा आणि मोठ्यांना हाक मारा. आणि मोठ्या माणसांनो, माझ्यावर फार प्रेम असेल, तर ते कुलपाबाहेरूनच करा.

तारीख जवळ आली आहे. पोलाद वितळायला वेळ लागतो, लाकूड आधी जळेल. कारागिराने गालाला लावून घासलेली ती मूठ, आणि तिच्या खाचेतले दहा वर्षांच्या मुलीच्या बोटाचे कुंकू. तेवढे जळून गेले की त्या दिवसाचे माझ्यावर काही उरणार नाही. त्या घरात मात्र उरेल. पुढच्या नवमीला फळीवर लॅपटॉप, व्हर्नियर आणि कंपासपेटी ठेवली जाईल, आणि मधली जागा मोकळी राहील.